भाड्याची सही

मिरजेत एखाद्या डॉक्टरचं पटलं नाही तर माणूस पलीकडच्या गल्लीत जाऊन दुसरा डॉक्टर गाठतो. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि मधल्या काळात दवाखाने, लॅब, लॉज आणि आमच्यासारखी औषधाची दुकानं यांवर निम्म्या गावाचं पोट चालू लागलं. अथणी-जमखंडीकडचा पेशंट जुन्या रिपोर्टांची पिशवी घेऊन सकाळच्या गाडीनं उतरतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. याच जिल्ह्यात जतच्या पूर्वेकडच्या गावातल्या बाईला मात्र एका सोनोग्राफीसाठी दिवस मोडावा लागतो, शिवाय सोबतीला येणाऱ्या माणसाचा खाडा होतो तो वेगळाच.

त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) डॉक्टरांची जागा घेईल का, ही चर्चा टीव्हीवर रंगली की मला विचारावंसं वाटतं, कुठली जागा? जिथं डॉक्टरवर डॉक्टर आहेत ती, की जिथं मंजूर पद आहे, दारावर पाटी आहे, फक्त माणूस नाही ती?

जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली जाहीरपणे सांगितलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता बंद करा, पाच, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्या पुढं जाईल. हिंटन म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत. याच क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना २०२४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. तरी रेडिओलॉजिस्ट बेकार झाले नाहीत, उलट ते मिळत नाहीत हीच सगळीकडची रड आहे. तेव्हा डॉक्टरची खुर्ची जाईल ही काळजी मी करत नाही. मला काळजी आहे सहीची. यंत्र निदान करेल, रिपोर्ट छापून बाहेर येईल, खाली एमडी डॉक्टरची सही असेल आणि त्या डॉक्टरनं ती फिल्म उघडूनही पाहिलेली नसेल.

सही भाड्याने देण्याचा आपल्याकडं जुना परिपाठ आहे, म्हणून हे बोलतो. सुरुवात माझ्याच धंद्यापासून करू. चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायची असा कायदा आहे. प्रत्यक्षात भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर उभा दुसराच, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला नवं नाही. (आमच्या व्यवसायातली मंडळी यावर रागावतील. रागावू देत.) लॅबचंही तेच. पॅथॉलॉजिस्ट एका शहरात आणि त्याची स्कॅन करून ठेवलेली सही भलत्याच गावांतल्या रिपोर्टांवर. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. आकडा यंत्रानं काढायचा आणि नाव तिसऱ्याच कुणाचं लावायचं, ही रीत एआय येण्याआधीच इथं मुरलेली आहे. एआयमुळे ती स्वस्त होईल, एवढंच.

यंत्रात दम नाही असं मात्र मी म्हणणार नाही. छातीचा एक्स-रे पाहून क्षयाचा संशय घेण्यात ते तरबेज झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या लोकांच्या क्षय-तपासणीत माणसाऐवजी संगणकानं एक्स-रे वाचायला रीतसर मान्यता दिली, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. मधुमेहानं डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल ओळखायला यंत्राला शिकवलं गेलं त्या कामात मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय होतं. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. दोनच वर्षांत अमेरिकेनं तसल्या एका यंत्राला डॉक्टरविना निकाल द्यायची परवानगी दिली. खरं तर यंत्रानं डॉक्टरवर मात केली ही बातमीसुद्धा शिळी आहे. १९७२ साली इंग्लंडमध्ये लीड्सला पोटदुखीच्या निदानात संगणक ९१.८ टक्के वेळा बरोबर निघाला, वरिष्ठ डॉक्टर ७९.६ टक्के. तरी पुढची पन्नास वर्षं पोट दुखणारा माणूस डॉक्टरकडंच जात राहिला. निदान झालं म्हणजे दुखणं हललं असं होत नाही.

हे मी एका ऊसतोड्यांच्या तळावर पाहिलं. क्षयरोग तपासणीचा कॅम्प होता, औषधाची खोकी पोचवायला मी गेलो होतो. कोप्यांच्या कडेला तिवईवर कॅमेऱ्याएवढं एक्स-रे यंत्र, पलीकडं पत्र्याच्या खुर्चीवर लॅपटॉप. पस्तिशीचा एक गडी आला. बनियन काढली, श्वास धरला, आणि मिनिटभरात लॅपटॉपवर त्याच्या उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला लाल-पिवळा डाग उमटला. तपासणाऱ्या मुलीनं त्याच्या हातात थुंकीची डबी दिली.

“दादा, उद्या सकाळी उठल्या उठल्या यात भरून ठेवायचं. मी घ्यायला येते.”

“पहाटंच फडात जावं लागतं, ताई. मुकादम थांबू देत नसतो.”

“बरं, फोन नंबर सांगा.”

त्यानं नंबर सांगितला. तिनं लिहून घेतला आणि सहज विचारलं, “हा तुमचाच का?”

“मुकादमाचा हाये.”

तिनं नंबर खोडला. मग बायकोकडं वळली, लेकरू कोण सांभाळतं, जेवण कुठं करता, कारखान्याच्या गेटवर गाडी किती वाजता लागते, असं बरंच काही विचारत बसली, आणि डबी गेटवर आणून द्यायचं कबूल करून घेऊनच उठली. मुकादमाच्या फोनवर क्षयाचा निरोप गेला असता तर त्या जोडीचं पुढच्या हंगामाचं काय झालं असतं, हे तिला कळत होतं. यंत्राला ते कळायचं काही कारण नव्हतं; त्याचं काम केव्हाच झालं होतं आणि ते चोख झालं होतं. क्षय आहे की नाही हे थुंकीच्या तपासणीतच ठरणार, एक्स-रे हा फक्त संशय. इथं डॉक्टरची सही नव्हती आणि त्यात वावगंही काही नव्हतं, कारण यंत्रानंतर एक माणूस आणि एक पक्की चाचणी उभी होती. असं जिथं जिथं असेल तिथं यंत्र उद्या नको, आजच आणा.

याच टोळ्यांमधल्या बायकांची दुसरी गोष्ट इतकी सरळ नाही. बीडकडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं ऐन तिशीत काढली गेल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, सरकारनं चौकशी समिती नेमली. आता समजा, त्या दवाखान्यांतले केसपेपर गोळा करून कुणी एखादं यंत्र शिकवलं. ते काय शिकेल? अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, मजुरी करते, दोन लेकरं झाली, तर पिशवी काढा. ते खोटं बोलणार नाही. डॉक्टरांनी जे केलं तेच ते प्रामाणिकपणे पुढं चालवेल, कारण त्यानं पाहिलेलं असतं ते डॉक्टरांनी काय केलं ते. काय करायला हवं होतं हे केसपेपरवर लिहिलेलंच नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाल्याचं दिसतं, सरकारी दवाखान्यांत हेच प्रमाण १४.३ टक्के. यातल्या कुठल्या दवाखान्याचे कागद यंत्राला वाचायला द्यायचे? बहुधा खासगी, कारण संगणकावर नीट भरलेले कागद तिथंच सापडतात. म्हणजे दर दोन बायकांमागं एकीचं पोट फाडायचं असतं, हे यंत्राचं बाळकडू.

अमेरिकेत हे घडून चुकलं आहे. २०१९ साली उघडकीला आलं की जास्त काळजीची गरज कुणाला, हे ठरवणारी एक प्रणाली गरज मोजायला पूर्वीचा उपचारखर्च वापरत होती. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी झालेला, म्हणून त्यांचा आजारही कमी धरला जाई. आपल्याकडं ज्यानं पैशाअभावी दुखणं अंगावर काढलं त्याचा खर्च शून्य. मग तो ठणठणीत?

यावर ठरलेलं उत्तर येतं की अंतिम निर्णय डॉक्टरांचाच राहील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२३ मध्ये एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही माणसाच्या देखरेखीवर भर आहे. कागदावर उत्तम. पण देखरेख करायला वेळ कुणाकडं आहे? २०१७ साली अनेक देशांची माहिती एकत्र करून प्राथमिक उपचारातला डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतो हे मांडलं गेलं. स्वीडन साडेबावीस मिनिटं, भारत सव्वादोन मिनिटांच्या आसपास. त्याच स्वीडनमध्ये ऐंशी हजार बायकांच्या स्तनतपासणीत एआय वापरून पाहिलं गेलं आणि फिल्म वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी घटलं, कर्करोग सापडण्याचं प्रमाण कमी न होता. हा आकडा विक्रेते आपल्याकडं हिरिरीनं सांगतात. त्यामागचं सांगत नाहीत. तिथं प्रत्येक फिल्म दोन डॉक्टरांनी वाचायची पद्धत आहे. एआयनं धोका कमी सांगितला तर दोनाऐवजी एकानं वाचली, जास्त सांगितला तर दोघांनीच. माणसानं न पाहता एकही फिल्म सुटली नाही. आपल्याकडं मुळात एकच डॉक्टर, आणि तोही सिव्हिलच्या ओपीडीत संपूर्ण जिल्हा समोर बसवून. तिथं ४४ टक्के काम कमी करायचं म्हणजे नेमकं कुणाला कमी करायचं?

वाचलेला वेळ पेशंटकडं जाईल असं गृहीत धरणं भाबडेपणाचं आहे. खासगीत तो वेळ आणखी पेशंट घेण्यात जाईल, सरकारीत रिकामं पद न भरण्याचं कारण म्हणून वापरला जाईल. “आता यंत्र आहे की, डॉक्टर कशाला?” हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय.

शिवाय हातचा गुणही जातो. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणारे डॉक्टर काही महिने एआयच्या मदतीनं काम करू लागले. नंतर एआय नसताना त्यांनी केलेल्या तपासण्या पाहिल्या, तर गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलेलं. ही मंडळी नवशिकी नव्हती. मिरजेत आज जे इंटर्न आहेत ते पहिल्या दिवसापासून यंत्राचा लाल डाग बघत एक्स-रे वाचायला शिकले, तर डाग चुकलाय हे त्यांना ओळखू येणार कशावरून?

आता डॉक्टरच्या बाजूनं बघू. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हापासून डॉक्टरच्या डोक्यात पेशंटबरोबर एक वकीलही बसलेला असतो. यंत्रानं कर्करोगाचा संशय दाखवला, डॉक्टरला तो पटला नाही, आणि त्यानं ‘नाही’ लिहिलं. शंभरात एकदा तो चुकला तर कोर्टात पहिला प्रश्न हाच येणार की संगणक सांगत होता, तुम्ही का ऐकलं नाहीत? उलट यंत्राच्या मागं जाऊन चुकला तर तो म्हणू शकतो, मी काय करू, संगणकानंच सांगितलं. अशा हिशेबात शहाणा डॉक्टर काय करेल हे सांगायला ज्योतिषी नको. तो मान डोलावेल आणि सही करेल. म्हणून कारण लिहून यंत्राशी असहमत होणाऱ्या डॉक्टरला कायद्यानं संरक्षण द्यायला हवं, आणि काही न पाहता सहमत होणाऱ्याला जबाबदार धरायला हवं. आज नेमकं उलटं होण्याची लक्षणं आहेत.

यंत्रविक्यांचीही एक गोम आहे. एक्स-रेला यंत्र गुण देतं आणि ठरावीक गुणांपुढं गेलेला ‘संशयित’ ठरतो. ही रेषा यंत्र आखत नाही, माणूस आखतो. रेषा खाली आणली तर कुणी निसटत नाही, पण धडधाकट माणसंही पुढच्या तपासण्यांत ओढली जातात. वर नेली तर खर्च वाचतो आणि खरा रुग्ण घरी जातो. स्कॅन मशीनचे हप्ते चालू असलेल्या सेंटरला रेषा खाली हवीशी वाटेल. थुंकी तपासायचं साहित्य संपत आलेल्या सरकारी केंद्राला ती वर हवीशी वाटेल. त्यातून ज्याला पूर्वी क्षय होऊन बरा झाला त्याच्या फुप्फुसावरचे जुने वण पाहून ही यंत्रं गोंधळतात. म्हणूनच रेषा ज्या त्या भागात पडताळून ठरवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या भागात हे कुणी करायचं?

ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कारखान्याचा काटा डिजिटल झाला म्हणून काटामारीची तक्रार मिटली नाही. काट्याच्या पोटात कसली सर्किटं आहेत याच्याशी शेतकऱ्याला देणंघेणं नसतं. तो विचारतो की काटा तपासला कुणी, कधी, आणि बाहेरून वजन करून आणलेली गाडी तुमच्या काट्यावर तेवढीच भरते का. एआयच्या बाबतीत आपण अजून काट्याचा रंग बघून खूश होतोय.

यंत्रावर अशी नजर ठेवायची सवय आपल्या राज्याला नाही असंही नाही. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा. सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदलेलं, प्रत्येक गरोदर बाईमागं एफ फॉर्म, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच केंद्रांवर सोनोग्राफी करायची मुभा. ही शेवटची अट आली ती सही भाड्यानं फिरत होती म्हणूनच, असं मला वाटतं. डॉक्टर मंडळी या कायद्याच्या कागदपत्रांना वैतागतात आणि त्यांचं काही बाबतींत खरंही आहे. क्लार्कच्या चुकीपायी मशीन सील झाल्याची उदाहरणं निघतात. तरी मार्च २०१७ मध्ये म्हैसाळच्या ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण सापडले, तेव्हा मिरज तालुक्यानं यंत्र आणि हात बेहिशेबी राहिले की काय होतं ते पाहिलं. कायदा होता, नोंदणी होती, तरी हे झालं. मग ज्या सॉफ्टवेअरची ना तालुक्यात नोंद, ना दारावर सील, जे रातोरात बंगळुरूतून बदलता येतं आणि काल दिलेलं उत्तर आज वेगळं देऊ शकतं, त्याचं काय?

डॉक्टर मित्रांशी हे बोललो की ते खूश होतात. त्यांना वाटतं मी त्यांची बाजू लढवतोय. तसं नाही. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन खाणं, यंत्रानं सुरू केली नाही. गरज नसलेली चिठ्ठी माझ्या काउंटरवर रोज येते आणि ती माणसाच्या अक्षरात असते. पेशंट मोबाईलवर एआयला विचारून येतो तो हौसेनं नव्हे. दवाखान्यात त्याला कुणी नीट उत्तर दिलेलं नसतं. ‘माणसाचा स्पर्श’ वगैरे बोलणाऱ्यांनी आधी नाडीला हात लावावा.

पण जे डॉक्टर लावतात त्यांचं काम पाहिलं की यंत्राची हद्द कळते. माझ्या ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाई आहेत. सून तपासायला आली की बरोबर सासू असतेच, आणि प्रश्न सुनेला विचारला की उत्तर सासू देते. या बाई दोन-तीन प्रश्न तसेच होऊ देतात. मग म्हणतात, “आई, जरा बाहेर बसता का? हिचं वजन करायचंय.” वजनकाटा बाहेरच्याच खोलीत आहे, हे सासूच्या लक्षात येईपर्यंत दार लागलेलं असतं. पुढच्या पाच मिनिटांत सून जे सांगते ते कुठल्याही केसपेपरवर येत नाही, येऊही नये. त्या बाईंना एक्स-रे वाचून देणारं, रिपोर्ट टाईप करून देणारं, औषधांची भांडणं आधीच दाखवून देणारं यंत्र मिळालं तर ती पाच मिनिटं दहा होतील. असं होणार असेल तर मी स्वतः वर्गणी काढायला तयार आहे.

म्हणून जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांसाठी अशा यंत्रांच्या खरेदीचा विषय निघेल तेव्हा किंमत आणि अचूकतेचे टक्के यांवर भाषणं करण्यापेक्षा दोन-चार साध्या गोष्टी मागाव्यात. रिपोर्टवर सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि संशयाची रेषा कुठं ठेवली तो आकडा छापलेला असावा. जत, आटपाडी, शिराळा इथल्या माणसांचे एक्स-रे घेऊन ते आधी तपासलेलं असावं, पुण्या-मुंबईच्या नाही. आणि प्रत्येक दवाखान्यानं एक वही ठेवावी: या महिन्यात यंत्र काय म्हणालं, डॉक्टर काय म्हणाला, दोघांचं कुठं जुळलं नाही आणि शेवटी कोण बरोबर निघालं. ज्या डॉक्टरचं यंत्राशी वर्षभर एकदाही वाजलं नाही, त्याची सही भाड्यानं गेली आहे असं समजून चौकशी लावावी. ही वही कुणालाच नको असेल. कंपनीला चुका दिसतील म्हणून नको, डॉक्टरला कोर्टाची धास्ती म्हणून नको, अधिकाऱ्याला आणखी एक रजिस्टर म्हणून नको.

आणि जिथं संशयित सापडतील तिथं डबी घेऊन मागं जाणारी मुलगी लागेल, फिल्म उघडून बघणारा डॉक्टर लागेल. निविदेत यंत्राच्या किमतीखाली या दोघांच्या पगाराची ओळ नसेल, तर फाईल परत पाठवावी.